शंभरपर्यंत अंक म्हणता येतात, पण सात चमचे मोजून आणता येत नाहीत

प्रश्न
पालक, नाशिक

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि येत्या जूनमध्ये तो पहिलीत जाईल. एक ते शंभर अंक तो न अडखळता म्हणतो. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी शुभंकरोतीनंतर त्याच्याकडून ते म्हणवून घेतात आणि त्याचे पाठांतर खरोखरच चांगले आहे. मात्र पाने मांडताना "सात चमचे आण" असे सांगितले की तो हाताला येतील तेवढे चमचे उचलून आणतो. "आता मोजून दाखव" म्हटले, तर बोट एका चमच्यावरून दुसऱ्यावर भराभर फिरते, तोंडाने अंक वेगळ्याच गतीने चालू असतात आणि शेवटी कधी सहा, कधी नऊ असे उत्तर येते. त्यात काही चुकले आहे असे त्याला वाटतही नाही.

दुसरी अडचण लिहिण्याची आहे. "पंचवीस लिही" म्हटले की तो ५२ लिहितो, "त्रेचाळीस"साठी ३४ लिहितो आणि "एकोणतीस"साठी चक्क ३१ लिहितो. शाळेतून १ ते ५० अंक लिहून आणण्याचा गृहपाठ रोज येतो. तो पाहून लिहिताना बरोबर लिहितो आणि ऐकून लिहिताना चुकतो. माझे पती म्हणतात की मोठा झाला की आपोआप जमेल; मला मात्र हा पाया कच्चा राहील अशी काळजी वाटते.

मला विचारायचे आहे ते असे. मोजणे घरच्या घरी कसे शिकवावे? आकडे म्हणून घेणे काही दिवस थांबवावे का? आणि "पंचवीस" ऐवजी "वीस पाच" असे म्हणायला शिकवले तर त्याला सोपे जाईल, की पुढे गोंधळ वाढेल?

उत्तर
बालवाडी शिक्षिका, सांगली

ताई, तुमच्या मुलाला अंकांचा क्रम उत्तम येतो आणि वस्तूंची संख्या ठरवणे अजून यायचे आहे. या दोन क्षमता वेगळ्या आहेत आणि पहिली आली म्हणजे दुसरी तिच्यामागून येतेच असे नाही. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली, ती आम्हा शिक्षकांना आजही उपयोगी पडतात. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा, अंकांचा क्रम कायम ठेवायचा, आणि शेवटी उच्चारलेला अंक हीच त्या सगळ्या वस्तूंची मिळून संख्या असते, ही त्यांतली पहिली तीन. उरलेली दोन अशी की कोणत्याही वस्तू मोजता येतात आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही. तुमच्या मुलाचे दुसरे तत्त्व पक्के आहे. पहिले आणि तिसरे डळमळीत आहे. म्हणजे काम कुठे करायचे ते तुम्हाला नेमके कळले आहे, आणि ही खरोखर चांगली गोष्ट आहे.

पहिल्यासाठी बोट फिरवून मोजण्याऐवजी वस्तू सरकवून मोजायला शिकवा. ताटात डावीकडे चिंचोके ठेवायचे, एक उचलून उजवीकडे ठेवायचा आणि तो खाली टेकला की मगच अंक म्हणायचा. मोजलेले आणि न मोजलेले असे दोन ढीग डोळ्यांसमोर वेगळे राहिले की एकच वस्तू दोनदा मोजली जात नाही आणि कोणती राहूनही जात नाही. हाताला काम असल्यामुळे तोंडाची गतीही आपोआप कमी होते. काही मुले "अकरा", "बारा" असे शब्द म्हणताना एका शब्दात दोन वस्तू सरकवतात. तसे दिसले तर न रागावता त्याचा हात धरून एकदा सावकाश करून दाखवा. सुरुवात पाचच्या आत ठेवा. ज्याला शंभरपर्यंत म्हणता येते त्याला पाचपर्यंत मोजायला लावणे घरच्यांना मागे गेल्यासारखे वाटते, पण मुलाची समज आज जिथे आहे तिथूनच चालायला हवे.

तिसऱ्या तत्त्वाची परीक्षा फार सोपी आहे. त्याने पाच चिंचोके मोजून झाले की ते हाताने झाका आणि "किती आहेत?" एवढेच विचारा. ज्याला संख्या कळली आहे तो "पाच" म्हणेल. ज्याला कळलेली नाही तो तुमचा हात बाजूला करून पुन्हा एकपासून मोजू लागेल, कारण त्याच्या दृष्टीने "किती" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मोजण्याची ती सगळी कृतीच असते. त्यापुढची पायरी म्हणजे "मला चार दे". समोर ठेवलेले मोजण्यापेक्षा मोठ्या ढिगातून ठरावीक संख्या काढून देणे अवघड असते, कारण मोजता मोजता कुठे थांबायचे ते लक्षात ठेवावे लागते. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत असे दिसले की मुलांना आधी एक देता येतो, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि त्यानंतर केव्हातरी मोजण्याचा अर्थच उमगतो व पुढच्या संख्या एकदम येऊ लागतात. म्हणून सात चमच्यांचा आग्रह आत्ता सोडा. तीन वाट्या, चार लिंबे, पाच बटाटे इथून चढत जा.

पाने मांडण्याचे काम मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. प्रत्येक ताटाजवळ एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा अशी जोडी लावताना अंक म्हणायची गरजही नसते. एक उरला किंवा एक कमी पडला की तो स्वतःच स्वयंपाकघरात धाव घेतो. तेवढ्यात "अजून किती हवेत?" असा प्रश्न विचारला तर बेरीज-वजाबाकीचा श्रीगणेशा तिथेच होतो.

अजून एक गोष्ट दिसेल, तिची काळजी करू नका. पाच नाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा आणि मग त्याच्यादेखत एका ओळीतली नाणी लांब-लांब पसरवा. या वयाची बरीच मुले लांब ओळीत नाणी जास्त आहेत असे ठामपणे सांगतात. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले होते. ओरडून किंवा समजावून हे लवकर बदलत नाही. नाणी पुन्हा जोडीने लावून पाहण्याची संधी देत राहावे लागते.

दहाच्या पुढे जाण्याआधी काड्यांचा खेळ घ्या. खराट्याच्या काड्या मोडून सारख्या लांबीच्या करा आणि दहा काड्या मोजून रबर बँडने गठ्ठा बांधण्याचे काम त्यालाच करू द्या. दुकानातून आणलेला तयार संच दिला, तर दशक ही त्याच्यासाठी फक्त एक जाड काडी राहते. स्वतःच्या हाताने बांधलेल्या आणि हवा तेव्हा सोडता येणाऱ्या गठ्ठ्यात दहा सुटे आहेत हे त्याला विसरताच येत नाही. साधन महाग असावे लागत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी ज्या बालवाड्या चालवल्या, त्यांत बिया, पाने, शंख-शिंपले हेच शिकण्याचे साहित्य होते. माँटेसरी पद्धतीचा गाभा त्यांनी परिसरातल्या वस्तूंमध्ये उतरवला आणि तो आजही तितकाच चालतो.

उत्तर
आजोबा, डोंबिवली

बाईंचे म्हणणे मला पटते, तरी पाठांतराच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हल्ली पाठांतर म्हटले की त्याकडे दोष म्हणूनच पाहिले जाते. आजीने रोज संध्याकाळी घेतलेले अंक वाया गेलेले नाहीत. क्रम पक्का नसेल तर काड्या सरकवूनही उपयोग होत नाही. आमच्या पिढीने बे एके बेपासून तीसपर्यंतचे पाढे म्हटले आणि त्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकीही म्हटली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज मुलांनाच नव्हे तर त्यांच्या पालकांनाही सांगावे लागते. या पाठांतराच्या जोरावर माणसे बाजारात सव्वा शेराचा आणि अडीच पायलीचा हिशेब उभ्या उभ्या तोंडी करत असत.

तेव्हा आजींना थांबवू नका. त्यांच्याकडून म्हणवून घेण्याची रीत थोडी बदलून घ्या. रोज एकपासून सुरू न करता कधी "सतरापासून पुढे म्हण" असे सांगावे, कधी वीसपासून एकपर्यंत उलटे म्हणून घ्यावे, कधी आजीने एक अंक म्हणावा आणि नातवाने पुढचा. जो मुलगा मधूनच सुरू करू शकतो त्याला आठात तीन मिळवताना पुन्हा एकपासून मोजावे लागत नाही. तो आठच्या पुढे नऊ, दहा, अकरा असे जातो. जो उलटे म्हणू शकतो त्याची वजाबाकीची अर्धी वाट तिथेच सरते.

आणि घरात सापशिडी आणा. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखायची सवय त्याला खेळता खेळताच लागते. मोबाइलवरची मात्र नको, कारण त्यात सोंगटी आपोआप पुढे जाते आणि मुलाला मोजण्याचे कारणच उरत नाही.

उत्तर
पालक, श्टुटगार्ट

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला लिहावेसे वाटले, कारण माझी मुलगी घरी मराठी आणि शाळेत जर्मन बोलते आणि या दोन्ही भाषांत एकच अडचण आहे. जर्मनमध्येही पंचवीसला "पाच आणि वीस" अशाच क्रमाने म्हणतात. लिहिताना मात्र वीसचा दोन आधी येतो. त्यामुळे ५२ आणि २५ यांची अदलाबदल इथल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत इतकी नेहमीची आहे की शिक्षकांकडे तिच्यासाठी स्वतंत्र शब्द आहे. चिनी भाषेत अकराला "दहा एक" आणि पंचवीसला "दोन दहा पाच" असे म्हणतात. केव्हिन मिलर आणि जेम्स स्टिगलर यांनी १९८७ साली चिनी आणि अमेरिकी मुलांच्या मोजण्याची तुलना केली, तेव्हा इंग्रजी बोलणारी मुले अकरा ते वीसच्या टप्प्यात जास्त अडखळताना दिसली. तिथे इंग्रजीतले शब्दही आपल्यासारखेच वेडेवाकडे आहेत. म्हणजे "पंचवीस" ऐकून ५२ लिहिणारा मुलगा काळजीपूर्वक ऐकत असतो आणि कानावर पडले त्याच क्रमाने लिहितो. "एकोणतीस"साठी ३१ लिहिणेही तसेच आहे, कारण त्याला त्या शब्दात "एक" आणि "तीस" ऐकू येतात. माझ्या दृष्टीने हे सावध कानाचे लक्षण आहे.

शब्द बदलून हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. नॉर्वेने १९५१ साली "पाच आणि वीस" ही रूढ पद्धत सोडून "वीस पाच" ही पद्धत अधिकृत केली आणि त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता, कारण जुन्या पद्धतीने सांगितलेले नंबर जोडताना चुका होत असत. तिथे आजही काही लोक बोलताना जुनीच पद्धत वापरतात. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस" बरोबर "वीस एक" असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरांनी भरलेली नावे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसते. रूढ शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते. दोन्ही वाचने शेजारी शेजारी दिलेली होती. चर्चेत ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच आली नाही आणि मला त्याचे आजही वाईट वाटते.

आम्ही घरी जे करतो ते असे. मुलीला "पंचवीस" हाच शब्द येतो आणि यायलाच हवा, कारण आजी-आजोबा, भाजीवाले, बसचा कंडक्टर सगळे तोच बोलतात. मात्र लिहिण्याआधी ती स्वतःशी "वीस आणि पाच" असे म्हणते. त्यासाठी आम्ही जाड कागदाची कार्डे केली. १०, २०, ३० अशी दशकांची कार्डे रुंद आहेत आणि १ ते ९ ची कार्डे त्यांच्या अर्ध्या रुंदीची आहेत. २० च्या कार्डातल्या शून्यावर ५ चे कार्ड ठेवले की २५ दिसते आणि उचलले की खालचे वीस पुन्हा दिसतात. शेजारी दहा रुपयांच्या दोन नोटा आणि एक रुपयाची पाच नाणी ठेवतो. भारतातून येताना आम्ही ती मुद्दाम आणली होती. ५२ साठी पाच नोटा लागतात हे दिसल्यावर दोन संख्यांमधला फरक सांगत बसावा लागला नाही.

एक सवय मात्र लागू देऊ नका. काही मुले आधी उजवीकडे एकक लिहितात, डावीकडे जागा सोडतात आणि मग तिथे दशक भरतात. कागदावर उत्तर बरोबर दिसते, पण पुढे कॅल्क्युलेटरवर किंवा फोनवर आकडे दाबताना तेच मूल अडते. इथल्या शाळेत सुरुवातीपासून दशक आधी लिहायला लावतात.

पुन्हा प्रश्न
पालक, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. सरकवून मोजायला लावल्यावर पाचपर्यंतचा गोंधळ बराच कमी झाला आहे, आणि झाकून "किती?" विचारले की तो अजून हात बाजूला करायला बघतो. गठ्ठे बांधणे त्याला फारच आवडले आहे. सासूबाईही उलटे अंक घेऊ लागल्या आहेत.

आता दोन शंका उरल्या. शाळेचा १ ते ५० लिहिण्याचा गृहपाठ रोज असतोच आणि तो करून तो इतका कंटाळतो की काड्यांना हात लावायची इच्छा उरत नाही. शाळेला हे कसे सांगावे? दुसरे असे की ३ आणि ६ तो उलटसुलट लिहितो, १ आणि ९ मध्येही घोटाळा होतो, आणि शाळा सेमी-इंग्रजी असल्यामुळे दोन्ही प्रकारचे अंक एकाच वेळी चालू आहेत.

उत्तर
बालवाडी शिक्षिका, सांगली

हात बाजूला करायला बघतो म्हणजे तो अगदी उंबरठ्यावर आहे. तिथे घाई करू नका. एक-दोन वस्तूंपासून झाकायला सुरुवात करा. दोन लिंबे झाकून "किती?" विचारले तर तो न मोजता सांगेल, मग तीन, मग चार. तीन-चारपर्यंतच्या वस्तू माणसाला एका दृष्टिक्षेपात कळतात आणि त्या आधारावर "किती"चा अर्थ लवकर बसतो.

आजोबांच्या सापशिडीला माझे पूर्ण अनुमोदन आहे आणि त्यात एक भर घालते. गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधील बालवाडीच्या मुलांना एका सरळ ओळीत १ ते १० अंक लिहिलेल्या पटावर थोडा थोडा वेळ खेळायला दिले, तेव्हा त्यांची संख्यांची समज स्पष्टपणे वाढलेली दिसली. मात्र सोंगटी हलवताना म्हणायचे काय, हे महत्त्वाचे असते. सोंगटी सहावर असताना फाशावर दोन पडले, तर मुलाने "एक, दोन" न म्हणता "सात, आठ" म्हणावे, म्हणजे घरावरचा अंक आणि पुढे जाणे यांचा संबंध जुळतो. शंभर घरांची सापशिडी या वयाला लांब पडते आणि तिच्या ओळी एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे वळतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर १ ते २० ची एक सरळ पट्टी आखा आणि त्यावर आधी खेळा.

शाळेशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका, कारण वर्गशिक्षिकेवर वह्या भरलेल्या दाखवण्याचा दबाव असतो आणि तो बहुतेक वेळा पालकांकडूनच आलेला असतो. तिला मुलाने बांधलेले गठ्ठे दाखवा आणि विचारा की पन्नास अंकांऐवजी रोज दहाच अंक लिहिले व त्यांतल्या तीन अंकांसाठी काड्या मांडून शेजारी चित्र काढले तर चालेल का. निपुण भारत हे अभियान जुलै २०२१ पासून चालू आहे आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व मूलभूत अंकगणित समजून यावे हेच त्याचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे तुमची मागणी शासनाच्या धोरणाला धरूनच आहे. माझ्या अनुभवात बहुतेक शिक्षिका अशी विनंती मान्य करतात. त्यांनाही पानेच्या पाने तपासण्यात आनंद नसतो.

अंकांच्या आकारांबद्दल सांगायचे तर ३ आणि ६ हे एकमेकांचे आरशातले रूप वाटतात, त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे आणि सात वर्षांच्या आसपास तो बहुतेक मुलांमध्ये जातो. दोन्ही अंक एकाच दिवशी शिकवू नका. ३ पूर्ण पक्का होऊ द्या, ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने तो काढू द्या, खरखरीत कागदाचा कापून चिकटवलेला ३ डोळे मिटून बोटाने गिरवू द्या, आणि मगच ६ ला हात घाला. १ आणि ९ साठीही हाच क्रम ठेवा. सेमी-इंग्रजीमुळे आणखी एक पेच पडतो: आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा. शाळेत पहिलीला कोणते अंक लिहायचे आहेत ते शिक्षिकेकडून विचारून घ्या आणि घरी लिहिण्यासाठी तेवढेच ठेवा. दुसऱ्या प्रकारचे अंक सध्या त्याने बसच्या पाटीवर, घड्याळात, नोटांवर फक्त वाचावेत. लिहिण्याचा हात एका लिपीत स्थिर झाला की दुसरी लिपी घ्यायला त्याला जड जाणार नाही.